कारभारातील तरुण : एकोणिसाव्या शतकातील संस्थाजीवनाचा एक धडा

कोणत्याही ज्ञातिसंस्थेचा वार्षिक वृत्तांत उघडून पाहिला, तर त्यात एक आवाहन हमखास आढळते : तरुणांनी पुढे यावे. अध्यक्षीय भाषणात ते असते, चिटणिसांच्या निवेदनात असते आणि आभारप्रदर्शनातही त्याची पुनरुक्ती होते. पुढे यावे म्हणजे नेमके कोठपर्यंत यावे, याचा खुलासा मात्र क्वचितच केलेला असतो. स्नेहसंमेलनाच्या दिवशी मंडपातील खुर्च्या मांडण्यापर्यंत, पंक्तीत वाढण्यापर्यंत, वधूवर मेळाव्यात नावे नोंदविण्यापर्यंत यावे. की ज्या बैठकीत शिष्यवृत्तीच्या निधीचा, वसतिगृहाच्या दुरुस्तीचा आणि मंगल कार्यालयाच्या भाड्याचा निर्णय होतो त्या बैठकीपर्यंत यावे? आवाहन पहिल्या अर्थाने करावयाचे आणि प्रतिसाद दुसऱ्या अर्थाने मिळावा अशी अपेक्षा धरावयाची, हा विरोध आपल्या ध्यानात येत नाही. तरुणांच्या मात्र तो तात्काळ ध्यानात येतो.

हा प्रश्न आजचाच आहे असे आपण समजतो. वस्तुतः महाराष्ट्रातील आधुनिक संस्थाजीवनाचा जन्मच या प्रश्नाशी निगडित आहे. ज्या संस्थांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, त्यांपैकी कित्येकांचा कारभार प्रारंभी पंचविशीच्या आतबाहेरील माणसांच्या हाती होता. तो त्यांच्या हाती कसा आला, वडीलधाऱ्यांनी त्या वेळी काय केले, कोठे साधले आणि कोठे फिसकटले, हे पाहण्याचा या लेखात यत्न केला आहे. इतिहासाचा उपयोग केवळ पूर्वजांना वंदन करण्यापुरता नसतो. आपल्या घटनेतील एखादे कलम दुरुस्त करण्यासाठीही तो होऊ शकतो.

मुंबईतील विद्यार्थ्यांची सभा

१८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयातील विद्यार्थ्यांनी व तरुण अध्यापकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी ही सभा स्थापन केली. तिच्या अग्रभागी असलेल्या दादाभाई नौरोजींचे वय त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे होते. निबंधवाचन व चर्चा एवढ्यावरच ही सभा थांबली असती तर तिचे नाव आज कोणी काढले नसते. परंतु दुसऱ्याच वर्षी, १८४९ मध्ये, सभेने मुलींच्या शाळा काढण्याचे ठरविले. मुलीस अक्षरओळख करून दिली तर घरावर अनर्थ ओढवेल असे मानणारा तो काळ होता. अशा काळी हा निर्णय कोणा धनिकाने, पंडिताने अथवा सरकारी अंमलदाराने घेतला नाही. तो विद्यार्थ्यांच्या सभेने घेतला. सभेचे सभासद आपले नित्याचे अध्ययन व अध्यापन सांभाळून या शाळांतून विनावेतन शिकवीत असत.

मग वडीलधाऱ्यांनी काय केले? जगन्नाथ शंकरशेट यांनी मराठी मुलींच्या शाळेसाठी आपली जागा दिली. पारशी समाजातील कामा कुटुंबाने द्रव्यसाहाय्य केले. नाना शंकरशेटांसारख्या मुंबईच्या अग्रगण्य नागरिकास ही शाळा आपल्या नावाने, आपल्या मुनिमाच्या देखरेखीखाली काढणे अशक्य नव्हते. त्यांनी तसे न करता जागा दिली, प्रतिष्ठेचे छत्र दिले आणि कारभार ज्यांनी संकल्प केला होता त्यांच्याकडे राहू दिला. वडिलांचे साहाय्य आणि वडिलांचा ताबा या दोन भिन्न वस्तू आहेत, हे ज्यांना समजले त्यांनी त्या काळी समाजाची मोठी सेवा केली.

पुण्यात त्याच १८४८ साली जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांचे वय एकवीस होते, आणि सावित्रीबाईंनी वयाची अठरा वर्षेही पूर्ण केली नव्हती. त्यांना मात्र घरातून छत्र लाभले नाही. उलट लोकापवादाच्या भयाने वडिलांनी त्यांना घराबाहेर काढले. मुंबईच्या तरुणांना जागा मिळाली, पुण्याच्या तरुण दांपत्याचे घर गेले. कार्य दोन्हीकडे झाले. परंतु त्यासाठी फुले दांपत्याला किती किंमत मोजावी लागली, याचा हिशेब वडीलधाऱ्यांच्या खात्यावर लिहिला गेला आहे, हे विसरता येत नाही.

सार्वजनिक सभा आणि मुखत्यारपत्र

संस्थेच्या कारभारात कोणी बसावे, या प्रश्नाचा विचार करताना पुण्याच्या सार्वजनिक सभेचा इतिहास अवश्य पाहावा लागतो. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या या सभेचा उगम पर्वती संस्थानाच्या व्यवस्थेबद्दलच्या असंतोषात आहे. देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्या पंचांविषयी लोकांच्या तक्रारी होत्या आणि त्या मांडण्यास लोकांच्या वतीने बोलणारी संस्था हवी होती. आपल्या प्रांतातील एका अग्रगण्य राजकीय संस्थेचा जन्म देवस्थानच्या हिशेबातून झाला, ही गोष्ट ज्ञातिसंस्थांच्या कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, हे या सभेचे प्राण. सभेच्या घटनेतील एक तरतूद आजही विचारात पाडते. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा नियम होता. प्रारंभी पंचाण्णव सभासद सुमारे सहा हजार लोकांच्या वतीने सभेत बसले. कोणाचा पुत्र, किती वयाचा, किती देणगी दिली, हे प्रश्न त्यात दुय्यम ठरले. तुमच्यामागे कोण आहे, हा प्रश्न मुख्य ठरला. आपल्या संस्थांच्या कार्यकारिणीत बसणाऱ्या किती जणांना पन्नास तरुण आपले मुखत्यारपत्र देतील, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारून पाहावा.

पुढील वर्षी, १८७१ मध्ये, महादेव गोविंद रानडे न्यायखात्यातील नेमणुकीवर पुण्यास आले. त्यांचे वय त्या वेळी एकोणतीस होते. सरकारी सेवेत असल्यामुळे सभेच्या अधिकारपदावर त्यांना बसता येत नव्हते. सभेचे विचारसूत्र त्यांचे असे, परंतु सही, पत्रव्यवहार व चळवळ इतरांनी करावयाची असे. ही अडचण सभेच्या पथ्यावरच पडली असे म्हणावे लागेल. ज्याच्याजवळ सर्वांत अधिक ज्ञान आहे त्याला खुर्ची घेता येत नाही, तेव्हा त्याला दुसऱ्यांना तयार करावेच लागते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सभेने माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली आणि १८७८ पासून आपले त्रैमासिक चालविले. या सर्व उद्योगातून माणसे घडविण्याची जी पद्धत रूढ झाली, तिचे उत्तम फळ पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या रूपाने दिसले.

पंचविशीतील शाळा

२ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. तिच्या संस्थापकांत विष्णुशास्त्री चिपळूणकर हे वयाने वडील. ते एकोणतीस वर्षांचे होते. सरकारी शाळेतील नोकरीचा त्याग करून ते या कार्यात पडले. बाळ गंगाधर टिळक तेवीस वर्षांचे होते. त्यांचेच समवयस्क गोपाळ गणेश आगरकर एम. ए. ची परीक्षा देऊन पुढील वर्षी त्यांस येऊन मिळाले. कोशकार म्हणून पुढे विख्यात झालेले वामन शिवराम आपटे तर त्यांच्याहूनही लहान, १८५८ साली जन्मलेले. महादेव बल्लाळ नामजोशी यांच्याकडे खटपटीची व लोकसंग्रहाची बाजू होती. १८८१ च्या जानेवारीत याच मंडळींनी ‘मराठा’ व ‘केसरी’ ही दोन पत्रे काढली.

१८८२ हे वर्ष या तरुण मंडळींच्या कसोटीचे ठरले. १७ मार्च रोजी विष्णुशास्त्री अकाली निवर्तले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांस शिक्षा झाली आणि त्यांना एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. ज्येष्ठ संस्थापक दिवंगत, दोन प्रमुख कार्यकर्ते कारागृहात, आणि शाळा अवघी दोन वर्षांची! अशा वेळी संस्था बंद पडती तर कोणास नवल वाटले नसते. ती बंद पडली नाही. कारण तेथे एक पुढारी व बाकीचे स्वयंसेवक अशी रचना नव्हती. मागे राहिलेल्या आपटे, नामजोशी आदी मंडळींना शाळा कशी चालते याची पूर्ण माहिती होती, आणि ती चालविण्याचा अधिकारही होता. एका माणसाच्या खिशात किल्ली असलेली संस्था त्या माणसाबरोबर जाते. अनेकांच्या हाती किल्ली असलेली संस्था टिकते.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. सव्वीस वर्षांचे आपटे हे त्याचे पहिले प्राचार्य. सोसायटीच्या रचनेकडे येथे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. वर एक नियामक मंडळ होते; त्यात विद्वान, प्रतिष्ठित व दाते अशा मोठ्या वयाच्या मंडळींस स्थान होते. त्याखाली आजीव सभासदांचे मंडळ होते. वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करण्याची प्रतिज्ञा ज्यांनी केली, ते आजीव सभासद. संस्थेचा अंतर्गत कारभार, अध्यापनाची वाटणी, नव्या सभासदांची निवड आणि नित्याचा खर्च या गोष्टी ते बहुमताने ठरवीत. मोठ्यांचे मार्गदर्शन आणि तरुणांचा कारभार यांची अशी लेखी वाटणी तोपर्यंत आपल्याकडे फारशी कोणी केली नव्हती. जो आयुष्यातील वीस वर्षे देतो त्याला मत आहे, हे त्या घटनेचे मर्म होते. मत हे देणगीचे अथवा वयाचे बक्षीस नसून जबाबदारीची दुसरी बाजू आहे, असा तिचा आशय होता.

मतभेदांचा हिशेब

येथवरचा वृत्तांत वाचून कोणी म्हणेल की, तरुणांची प्रशस्ती पुरे झाली. त्यांच्या भांडणांचे काय? हा आक्षेप रास्त आहे आणि त्यास टाळून जाणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल.

सोसायटीतील मतभेद लवकरच तीव्र झाले. त्यांस सामाजिक सुधारणेच्या वादाची पार्श्वभूमी होती, हे सर्वश्रुत आहे. आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ साली ‘सुधारक’ काढला. परंतु फाटाफूट जेथे अटळ झाली तो प्रश्न व्यवहारातला होता. आजीव सभासदाने आपला सर्व वेळ संस्थेस द्यावा की बाहेरची कामे व प्राप्ती करण्याची त्यास मुभा असावी? टिळकांचे म्हणणे असे की, ज्याने सर्वस्व देण्याची प्रतिज्ञा केली त्याने बाहेर पाहू नये. बहुसंख्य सभासदांस हा कठोर अर्थ मान्य नव्हता. १८९० साली गोखले यांस सार्वजनिक सभेचे चिटणीसपद देण्यात आले आणि या वादास निर्णायक निमित्त मिळाले. त्या वर्षाच्या अखेरीस टिळकांनी विस्तृत पत्र लिहून राजीनामा दिला. एका पिढीचा सर्वांत तेजस्वी पुरुष आपल्या हातांनी उभारलेल्या संस्थेतून बाहेर पडला. या घटनेचे दुःख कमी लेखण्याचे कारण नाही.

तथापि याचे खापर तरुणपणावर फोडणे न्याय्य होईल का? वीस वर्षांच्या प्रतिज्ञेचा अर्थ काय, बाहेरील प्राप्तीचे काय करावे, हे पहिल्याच दिवशी निःसंदिग्ध शब्दांत लिहिले गेले असते, तर वाद इतका चिघळला नसता. साठीतील माणसेही अलिखित नियमांवरून भांडतात; किंबहुना ती अधिक दीर्घकाळ भांडतात. आणि दुसरी गोष्ट अशी की, टिळक गेल्यावरही सोसायटी मोडली नाही. निर्णय घटनेप्रमाणे, मंडळाच्या बैठकीत झाला होता. पराभूत पक्षाने आपले म्हणणे लिहून ठेवले आणि संस्थेचा मार्ग सोडला. आपटे १८९२ मध्ये वारले, त्यांच्यानंतर प्राचार्य झालेले आगरकर १८९५ मध्ये गेले; दोघांनीही वयाची चाळिशी पाहिली नाही. तरीही संस्था चालू राहिली आणि आजही चालू आहे.

सार्वजनिक सभेत १८९५ साली जे घडले त्याचा धडा मात्र याहून कडू आहे. त्या वर्षीच्या निवडणुकीत टिळकांच्या बाजूने व्यवस्थापक मंडळात बहुमत मिळविले. रानडे व गोखले यांचा पक्ष अल्पमतात गेला, आणि १८९६ साली रानड्यांनी डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. त्या दुष्काळी वर्षात सार्वजनिक सभेने खेड्यापाड्यांतून शेतकऱ्यांस त्यांचे हक्क समजावून सांगण्याचे मोठे कार्य केले. परंतु १८९७ साली सरकारने सभेची मान्यता काढून घेतली आणि तिचा पूर्वीचा प्रभाव पुन्हा आला नाही. एका घरात अनुभव राहिला, दुसऱ्या घरात लोकबळ. हा झगडा वृद्ध आणि तरुण यांचा नव्हता. गोखले तर टिळकांहून दहा वर्षांनी लहान होते. जिंकणाऱ्यांनी सारे घ्यावे आणि हरणाऱ्यांनी उठून जावे, अशीच ज्या मंडळाची रीत असते, तेथे कोणत्याही वयाची माणसे बसली तरी परिणाम हाच होतो. अल्पमताला मंडळात टिकून राहता यावे अशी सोय ज्या घटनेत नाही, ती घटना अपुरी समजावी.

चुकण्याची मुभा

गोखल्यांची घडण हा या विषयाचा गाभा आहे. १८८५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. लवकरच आजीव सभासद झाले. एकविसाव्या वर्षी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन त्यांच्याकडे आले, आणि चोविसाव्या वर्षी चिटणीसपद. रानडे त्यांच्याकडून सरकारी अहवाल वाचून घेत, टिपणे करवून घेत, मसुदे पुनःपुन्हा लिहावयास लावीत. हे शिक्षण अत्यंत कडक होते. परंतु मसुदा दुरुस्त करून झाल्यावर त्याखाली सही करणारा चिटणीस गोखलेच असे. शिष्याकडून लिहून घ्यावयाचे आणि सही आपली करावयाची, ही रीत रानड्यांची नव्हती.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले लंडनला गेले. त्यांचे वय तीस होते. डेक्कन सभेने एवढ्या महत्त्वाच्या कामास आपला सर्वांत तरुण कार्यकर्ता पाठविला, आणि आकडेशास्त्रात निष्णात असलेल्या गणेश व्यंकटेश जोशी यांनी त्याच्या पाठीशी आपली सारी माहिती उभी केली. साक्ष उत्कृष्ट झाली. मात्र त्याच मुक्कामात एक अनर्थ ओढवला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातील सोल्जरांच्या वर्तनाविषयी स्वदेशातून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथे जाहीर आरोप केले. परत आल्यावर ते आरोप सिद्ध करण्यास पुरावा पुढे येईना. तेव्हा त्यांनी जाहीर क्षमायाचना केली. सरकारी गोटात उपहास आणि स्वजनांत तिरस्कार, अशी दुहेरी नामुष्की त्या तरुणाच्या वाट्याला आली. सार्वजनिक जीवनातून निवृत्त होण्याचा विचार त्याच्या मनात घोळू लागला.

कल्पना करा, असा प्रसंग आपल्या एखाद्या संस्थेत उद्भवला असता तर काय झाले असते? “तरी आम्ही सांगत होतो, पोरांच्या हाती कारभार देऊ नका,” हे वाक्य दुसऱ्याच बैठकीत उच्चारले गेले असते आणि पुढील वीस वर्षे तेच उदाहरण देऊन प्रत्येक तरुणाला दारातून परत पाठविले गेले असते. रानड्यांनी तसे केले नाही. त्यांनी शिष्याचा हात सोडला नाही. आणि गोखल्यांनीही पुढील प्लेगच्या साथीत लोकांमध्ये राहून काम केले. अवघ्या दोन वर्षांत, १८९९ मध्ये, ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून गेले आणि पुढे केंद्रीय कायदेमंडळात त्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे देशभर वाचली जाऊ लागली. १८९७ च्या चुकीची शिक्षा म्हणून त्यांस कायमचे बाजूस सारले असते, तर देश या भाषणांस मुकला असता.

१९०५ साली भारत सेवक समाजाची स्थापना करताना गोखल्यांनी नव्या सभासदास पाच वर्षांच्या शिक्षणाचा नियम घातला. स्वतःस जे कष्टाने मिळाले ते त्यांनी पुढील पिढीसाठी नियमात बसविले. तरुणाला अधिकार द्या एवढेच म्हणणे अर्धवट आहे. अधिकार पेलण्याचे शिक्षण देणे हे ज्येष्ठांचे कर्तव्य आहे. पण पोहणे शिकविणाराने कधीतरी हात सोडावा लागतो, नाही तर ते पोहणे नव्हे.

वडिलांचे नाव, तरुणांचा कारभार

या परंपरेचा विस्तार केवळ पुण्याच्या सुशिक्षित वर्गापुरता नव्हता. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोग आला, तेव्हा पंचावन्न वर्षांच्या जोतीरावांनी त्यापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न मांडला आणि चोवीस वर्षांच्या पंडिता रमाबाईंनी स्त्रीशिक्षिका, स्त्रीनिरीक्षक व स्त्रीवैद्य यांची निकड मांडली. रमाबाईंनी त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला होता. एकाच आयोगापुढे दोन पिढ्या बोलल्या आणि दोघांचेही शब्द पुढील कार्यास उपयोगी पडले. रमाबाईंना “तुझे वय काय” असे विचारून परत पाठविले असते, तर त्या साक्षीतील महत्त्वाची गोष्ट सांगावयास दुसरे कोणी नव्हते.

कोल्हापुरास १८९४ साली शाहू छत्रपतींनी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या ज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली. ज्ञातिसंस्थांच्या इतिहासात या घटनेचे मोल फार मोठे आहे. खेड्यातून आलेली मुले या वसतिगृहांत राहिली, शिकली आणि पुढे आपापल्या समाजाच्या परिषदा, निधी व नियतकालिके चालविण्यास अशाच विद्यार्थ्यांतून माणसे मिळाली. ज्ञातिसंस्थेने विद्यार्थ्यास घडविले, हे आपण नेहमी सांगतो. विद्यार्थ्यानेही ज्ञातिसंस्थेस घडविले, हे सांगावयाचे राहून जाते.

२० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद सर चिमणलाल सेटलवाड या ज्येष्ठ कायदेपंडितांकडे होते. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष होते तेहतीस वर्षांचे डॉ. भीमराव आंबेडकर. नाव व प्रतिष्ठा ज्येष्ठांची, निर्णय व कारभार ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता त्यांचा, अशी ही योजना होती. सभेने पुढील वर्षीच सोलापुरास विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांनीच तिचा कारभार पाहावा, हे तत्त्व येथे जितक्या स्पष्टपणे दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

आजचा प्रश्न

कायद्याने हा प्रश्न केव्हाच सोडविला आहे. १८७५ च्या कायद्यापासून अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती आपल्याकडे सामान्यतः सज्ञान मानली जाते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणले आणि १९८९ पासून ते अमलात आले. एकवीस वर्षांची व्यक्ती ग्रामपंचायतीत निवडून येऊन सरपंच होऊ शकते. पंचविसाव्या वर्षी लोकसभेत बसू शकते. म्हणजे देशाचे अंदाजपत्रक मंजूर करण्यास जो पात्र, तो आपल्या ज्ञातीच्या शिष्यवृत्ती निधीचे अंदाजपत्रक मंजूर करण्यास अपात्र, असा चमत्कार आपण आपल्याच अलिखित रूढीने निर्माण करून ठेवला आहे. गंमत अशी की, त्या निधीचा लाभार्थी तोच असतो!

ज्येष्ठांची भीती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येत नाही. संस्थेची जागा, ठेवी आणि नाव हे अनेकांच्या घामाने मिळालेले असते. तरुण नोकरीसाठी आज पुण्यात, उद्या बंगळूरात, परवा परदेशी असतो. त्याच्या भरवशावर वास्तू कशी सोपवावी? परंतु इतिहास असे दाखवितो की, संस्थेस खरा धोका अननुभवी हातांपासून जितका असतो त्याहून अधिक एकाच हातापासून असतो. ज्या संस्थेत ठेवींची कागदपत्रे, भाडेकराराची प्रत आणि जुन्या सभासदांची नोंदवही कोठे आहे हे एकाच वयोवृद्ध गृहस्थास ठाऊक असते, ती संस्था १८८२ च्या कसोटीस उतरणार नाही. विश्वस्तांतील बदल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास नव्वद दिवसांत कळवावयाचा असतो, एवढी साधी गोष्टही कित्येक ठिकाणी राहून जाते; कारण ते काम ज्यास येते तो थकलेला असतो आणि ज्यास उत्साह आहे त्यास कोणी शिकविलेले नसते.

यास्तव काही सूचना विचारार्थ ठेवाव्याशा वाटतात. कार्यकारी मंडळातील निदान एकतृतीयांश जागा पस्तीस वर्षांखालील सभासदांसाठी असाव्यात आणि त्यांस पूर्ण मताधिकार असावा. जागा एकट्यादुकट्याने दिली तर ती शोभेची ठरते; मंडळात तिघेचौघे समवयस्क असतील तरच बोलण्याचे धैर्य येते. त्या जागांत मुलींचा व सुनांचा समावेश असावा. सावित्रीबाईंचे व रमाबाईंचे नाव घेणाऱ्या समाजास याचे वेगळे कारण सांगावे लागू नये. चिटणीस व कोषाध्यक्ष यांच्या जोडीस एकेक तरुण सहायक असावा आणि विशिष्ट मुदतीनंतर त्याने ते पद स्वीकारावे, असे घटनेतच लिहावे. शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि व्यवसायमार्गदर्शन यांसारख्या एखाद्या समितीचा निधी व निर्णय पूर्णपणे तरुणांकडे द्यावा. वर्षअखेरीस त्यांनी सर्वसाधारण सभेपुढे हिशेब मांडावा. बाहेरगावी असलेल्यांस दूरध्वनीच्या व संगणकाच्या साधनांनी बैठकीत भाग घेता यावा अशी सोय करावी. आणि पदांची मुदत सर्वांनाच असावी, ज्येष्ठांनाही. मुदत संपलेल्या ज्येष्ठांसाठी सल्लागार मंडळ असावे. सल्ला आदराने ऐकला जावा, परंतु मत कार्यकारिणीचे असावे.

तरुण ज्ञातिबांधवांस व भगिनींसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. अधिकार मागताना वीस वर्षांच्या त्या प्रतिज्ञेचे स्मरण असावे. ज्यांनी १८८० साली शाळा काढली त्यांनी कोणाकडे खुर्ची मागितली नव्हती. त्यांनी आपले आयुष्य मांडले आणि खुर्ची त्यामागून आली. आजच्या तरुणाने वीस वर्षे द्यावी असे कोणी म्हणत नाही. महिन्यातून दोन सायंकाळी, तीन वर्षे सलग, एवढे तरी द्यावे. बैठकीचे इतिवृत्त लिहावे, जमाखर्च वाचावयास शिकावे, अप्रिय ठरावास विरोध करावा आणि हरल्यावर उठून जाऊ नये.

आपल्या पूर्वसूरींच्या तसबिरी संस्थेच्या सभागृहात लावलेल्या असतात. त्या बहुधा त्यांच्या उतारवयातील असतात, पांढऱ्या मिशांच्या व जड पागोट्यांच्या. त्यामुळे आपला असा समज होतो की, संस्था वृद्धांनी स्थापिल्या. त्यांतील बहुतेकांनी जेव्हा पहिला ठराव लिहिला तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या, आणि कोणा वडीलधाऱ्याने आपली जागा, आपले द्रव्य अथवा आपला शब्द त्यांच्यामागे उभा केला होता. आपल्यापैकी जे आज त्या वडीलधाऱ्यांच्या वयात आहेत, त्यांनी येत्या वार्षिक सभेत घटनादुरुस्तीचा ठराव स्वतः मांडावा, अशी त्यांस नम्र विनंती आहे.